ढिगाऱ्यावरची टिटवी

माणसानं निर्लज्ज असावं, पण किती? आमच्या रोहिदासला बघितलं की मला हाच प्रश्न पडतो. रोहिदास माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो चौथीत व्हता, आणि तेव्हासुद्धा दुसऱ्याच्या पाटीवरचं गणित आपलं म्हणून मास्तरला दाखवत व्हता. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून तेला न्हाऊ घाल, जेवू घाल, चड्डीची नाडी बांध, सगळं माझ्याकडं. आता पन्नाशीला आलाय. गळ्यात साखळी, कपाळाला टिळा, बुडाखाली पांढरी गाडी. अक्कल मात्र अजून चड्डीतच हाय.

गाव तेला रोहिदासशेठ म्हणतं. म्हणंना का! गावाचं काय जातंय? मला तेचं सगळं ठाऊक हाय. चाकणला एका कंपनीत लावला तर तिथं उभं राहावं लागतं म्हणून सोडून आला. मग कँटीनचा ठेका घेतला. तेची डाळ इतकी पातळ, की कामगारांनी एक दिवस ताटं उलटी करून ठेवली. मग पाण्याचा टँकर आणला, तो उभ्या उभ्या गंजला. मग कुणाकुणाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात हात जोडून उभा राहायला लागला. खाली लिहिलेलं, समाजसेवक. या बाबानं समाजाची सेवा कधी केली, देव जाणे. घरात प्यालेला तांब्या उचलून जागेवर ठेवत न्हाई.

आमचं गाव भोसरीच्या पलीकडं, इंद्रायणीच्या काठाला. नदीला लागून आमची थोडी जमीन व्हती, तिला आमी चिबड म्हणतो. बारा महिने ओली. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. खालच्या बंधाऱ्याच्या दारात बर्गे, म्हंजे फळ्या, घातल्या की पाणी चिबडात चढतं आणि काढल्या की उतरतं. उतरलं की त्या चिखलात किडे खायला पाखरांची झुंबड उडायची. बगळे, शेकाटे, पाणकोंबड्या, हळदीकुंकू बदकं. थंडीत तर कुठनं कुठनं यायची, तेंची नावंसुद्धा आमाला ठाऊक न्हाईत. लव्हाळ्यात मुंगसं पळायची, कडेला धामणी ऊन खात पडायच्या. तिथं पीक कधी आलं न्हाई. म्हशी लोळायच्या आणि पाखरं चरायची. आता नदीला फेस येतो, वास मारतो, तरी पाखरं येतात बिचारी. लई सोशिक जात हाय ती.

वाटणीत ते चिबड रोहिदासकडं गेलं. दुसऱ्या कुणाला नकोच व्हतं. तेनं काय केलं, तर शहरात घरं पाडली की तेचा राडारोडा टाकायला जागा लागते, तिथनं डंपर बोलावले. विटा, फरशा, फुटकी कमोडं, सगळं आणून चिबडात ओतलं. वर मुरूम पसरला, चुन्यानं रेघोट्या मारल्या, आणि गुंठ्यागुंठ्याचे प्लॉट तयार. लव्हाळं गेलं, मुंगसं गेली. पाखरं नदीच्या कडेला उरल्यासुरल्या चिखलात अंग चोरून उभी राहायला लागली. एका कोपऱ्यात राडारोड्याचा मोठा ढिगारा तसाच राहिला, तो पसरायचा व्हता.

रस्त्याला बोर्ड लागला, कोस्टल ग्रीन्स. मी जयदीपला, म्हंजे माझ्या पोराला, विचारलं, याचा अर्थ काय रे? तो म्हणला, समुद्रकाठची हिरवळ. आता बगा! समुद्र कुठं, आमी कुठं! मधी अख्खा सह्याद्री आडवा हाय. आणि बोर्डावर फोटो कसला, तर गुलाबी, लांब मानेच्या रोहित पक्ष्यांचा थवा. मी रोहिदासला म्हटलं, "हे कुठले रे?"

"मुंबईच्या खाडीवरचे, वैनी. नेटवर मिळाले."

"मग आपले व्हते ते का न्हाई लावले?"

"ते दिसायला बरोबर न्हाईत," म्हणला.

ह्येचं स्वतःचं तोंड बघा, आणि हा पाखरांना म्हणतो, दिसायला बरोबर न्हाईत!

गिऱ्हाईक आलं की रोहिदास ते माझ्या ओट्यावर आणून बसवायचा. "वैनी, च्या टाका." जसं काय मी तेचं हॉटेल चालवते. एके दिवशी असंच एक जोडपं आलं, नदीम आणि सुरय्या. नदीमचं भोसरीत गाड्यांचं लहानसं गॅरेज. मूळची माणसं कोकणातली, खाडीकाठची. सुरय्यानं वाऱ्यावर आलेला चिखलाचा वास घेतला आणि म्हणली, "मावशी, आमच्या खाडीला ओहोटी लागली की असाच वास यायचा." लोकं नाक दाबतात, ही नाक वर करून उभी. मला पोरगी तिथंच आवडली.

तेंना जागा कशापायी हवी व्हती, ते ऐका. नदीमचा बाप, रहिमानचाचा, तेंचे गुडघे गेलेले. भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर. एकदा खाली उतरले की वर चढवत न्हाई, म्हणून म्हाताऱ्यानं उतरायचंच सोडून दिलं. "अब्बा दिवसभर खिडकीतून विजेच्या वायरी बघत बसतात," सुरय्या म्हणली. "त्यांना दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचंय. बाकी काही मागत नाहीत." म्हंजे हवेली नको, बंगला नको, जमिनीला टेकलेलं एक दार पाहिजे. रोहिदासनं छातीवर हात ठेवून सांगितलं, "चाचांची खुर्ची मी स्वतः टाकणार." मला चहाचा कप फेकून मारावासा वाटला. तिथं दार लावलं तर पावसाळ्यात ते उघडायला नाव लागंल.

मी सुरय्याला पाण्याचा तांब्या देताना म्हटलं, "पोरी, हितं पाणी येतं." रोहिदास हसून म्हणला, "जुन्या काळी यायचं हो, आता भराव केलाय. आमच्या वैनींना जुनं लई आठवतं." झालं. मी म्हातारी ठरले, विषय संपला.

पण तेची खोड मोडायला एक टिटवी आली.

आमच्याकडं उन्हाळ्यात माणसं एकमेकांना विचारतात, टिटवीनं अंडी कुठं घातली? नदीच्या पोटात, गोट्यांमधी घातली तर पाऊस कमी. उंचावर घातली तर पाणी चढणार. शिकलेली पोरंसुद्धा विचारतात आणि वर हसतात. मला विचाराल तर टिटवीला पाऊस कळतो का न्हाई, मला ठाऊक न्हाई. पण चिबडात पाणी येतं हे कळायला टिटवी कशाला पाहिजे? देवानं दोन डोळे काय गॉगल लावायला दिलेत? पण न्हाई. माझं कुणी ऐकलं न्हाई, टिटवीचं ऐकायला सगळे तयार!

तर त्या साली टिटवीनं अंडी घातली ती रोहिदासच्या ढिगाऱ्यावर. अगदी वर, टोकाला. जेसीबीवाला ज्योतीराम ढिगारा पसरायला गेला, तेला दिसली. टिटवी अशी अंगावर आली, की तो गडी मशीन बंद करून खाली उतरला आणि म्हणला, मी काय टिटवीचं घर मोडणार न्हाई. तेनं चहाच्या टपरीवर सांगितलं, टपरीनं गावाला, गावानं गिऱ्हाइकांना. टिटवी एवढ्या उंच चढलीय म्हंजे यंदा प्लॉट पाण्यात. रहिमानचाचांच्या कानावर गेलं तेव्हा ते नदीमला म्हणले, "पाखरू वर जाऊन बसलंय आणि आपण खाली घर बांधायचं? थांब जरा." नदीम थांबला. बाकीचेपण थांबले.

रोहिदासचं तोंड बघण्यासारखं झालं. एवढे डंपर आणले, एवढा बोर्ड लावला, आणि आडवं आलं कोण, तर ओंजळीत मावंल एवढं पाखरू!

शुक्रवारी सकाळी मी म्हैस घेऊन नदीकडं गेले. ढिगाऱ्यावर टिटवीचा नुसता कल्लोळ. बघते तर एक हेल्मेट घातलेला माणूस वर ओणवा झालाय. टिटवी वरनं झेप घेते, हेल्मेटवर टकाटक आपटते, पुन्हा उडते, पुन्हा येते. पोटावरनं ओळखला मी. आमचा समाजसेवक! हातात माझाच स्टीलचा डबा. डब्यात चार अंडी ठेवून तो घसरत घसरत खाली उतरला, नदीच्या पात्रात गेला, आणि गोट्यांमधी बोटानं खळगा करून ती अंडी तिथं मांडून ठेवली. मग मोबाइल काढून फोटो घेतले. खाली वाकून, एक डोळा मिटून, वेगवेगळ्या बाजूंनी.

मी जवळ गेले. "काय चाललंय रे, मुडद्या?"

तो दचकला. मग हसला. "वैनी, हळू. टिटवी खाली आली म्हणायचं. गिऱ्हाइकांचा जीव शांत होतो."

"आणि तिचा जीव?"

"पाखरू हाय ते. घालील दुसरी."

टिटवी तिकडं ढिगाऱ्यावर रिकाम्या जागेभोवती पळत व्हती. बसायची, उठायची, पुन्हा बसायची. खाली अंड्यांकडं ती आलीच न्हाई. तिची जागा वर व्हती, तिला तीच ठाऊक. मला रोहिदासची किळस आली. ज्याला मी भरवलं त्याची किळस येणं बरं न्हाई, पण आली ती आली.

हेल्मेट जयदीपचं व्हतं, आमच्या खुंटीवरनं उचललेलं. "ते आण हिकडं," मी म्हटलं, "पोराला उद्या कामावर जायचंय."

"रविवारपर्यंत राहू द्या, वैनी. रविवारी गिऱ्हाईक येणार. लई बेकार चोच मारते ती."

घरी येऊन मी मालकांना सांगितलं. आमच्या मालकांचं नाव नानासाहेब, पण नावात साहेब असून उपयोग काय? पेपरातनं डोकं न काढता म्हणले, "भावकीत बोंब नको." भावाचा विषय निघाला की हे गृहस्थ देवळातल्या नंदीसारखे बसून राहतात. शनिवारी जयदीप फटफटीवर चाकणला गेला तर कंपनीच्या गेटवर वॉचमननं अडवला. हेल्मेट न्हाई, आत सोडणार न्हाई. पोरगा पहिल्या शिफ्टला निघालेला, घरी परत. दिवसभर माझ्यावर भडकलेला, हेल्मेट कुणी घेतलं म्हणून. मी गप्प बसले. भोसरीला फोन करून सुरय्याला सांगावं, असं दहादा मनात आलं. पण रोहिदासनं तर आधीच ठरवून टाकलेलं, वैनींचं वय झालं. मला चारचौघांत बोलायचं व्हतं, तेला पळायला जागा न ठेवता.

रविवार आला. रोहिदासनं मांडव टाकला, सरबत ठेवलं, स्पीकर लावला. गाव लोटलं, गिऱ्हाईक लोटलं. गाडीतनं नदीमनं आणि गॅरेजच्या पोरानं प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून रहिमानचाचांना उतरवलं. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा. किती महिन्यांनी म्हातारा जमिनीवर आला व्हता! पाय मातीला लागले तसं तेंनी चप्पल काढून ठेवली.  एवढ्या हौसेनं आलेल्या माणसाला हा चोर फसवणार, आणि तेसुद्धा पाखराची चोरी करून.

रोहिदासनं सगळ्यांना पात्रात नेलं. खुर्ची उचलून चाचांनापण नेलं. "बघा! डोळ्यांनी बघा! टिटवी कुठं बसलीय? नदीच्या पोटात. यंदा पाणी कुठं, तर हितंच. प्लॉट कोरडे ठणठणीत. तो ज्योतीराम पिऊन बडबडला आणि तुमी घाबरलात."

ज्योतीराम मागं उभा व्हता. लाल झाला, पण पुरावा काय दाखवणार? अंडी तर समोर खाली दिसत व्हती. माना डोलायला लागल्या. नदीमचा चेहरा मोकळा झाला. "अब्बा, आता हो म्हणा," तो म्हणला. "आज नारळ फोडून टाकू."

चाचा खुर्चीतनं वाकून अंड्यांकडं बघत राहिले. "आम्ही एवढे जवळ आलो," ते हळूच म्हणले, "आई का नाही आली ओरडत?"

"माणसाळलीय, चाचा," रोहिदास म्हणला. तोंडाला काय, हाड न्हाई.

आता माझी पाळी व्हती. मी पदर खोचला आणि पुढं झाले. "व्हय तर! चांगलं झालं. पण रोहिदास, नारळ हितं चिखलात कशापायी फोडायचा? शुभ काम हाय. वर ढिगाऱ्यावर जाऊन फोड. तिथनं अख्खी तुझी कोस्टल का काय ती दिसंल."

"हितंच बरंय, वैनी."

"अरं, मोठ्या माणसानं उंचावर फोडावा. का रं गड्यांनो?"

गावाला काय, तमाशाच पाहिजे. "वर, शेठ, वर!" सुरू झालं. चाचापण म्हणले, "वर चला, आम्ही खालून बघतो." रोहिदासला घाम फुटला. हातात नारळ, मागं माणसं, पुढं ढिगारा.  मग म्हणला, "आलोच," आणि गाडीकडं गेला. मागचं दार उघडलं, हेल्मेट काढलं, डोक्यात घातलं, पट्टा लावला, आणि नारळ घेऊन ढिगारा चढायला लागला.

गाव एकमेकांना कोपरानं ढोसायला लागलं. चारचाकीतनं हिंडणारा माणूस, आयुष्यात दुचाकीवरसुद्धा हेल्मेट घातलं न्हाई, तो नारळ फोडायला हेल्मेट घालून निघालाय!

"काका, ते माझं हेल्मेट हाय!" जयदीप ओरडला. "माझा खाडा पडला त्यापायी!"

तेवढ्यात टिटवी आली. ढिगाऱ्याच्या माथ्यावरनं कर्कश ओरडत सरळ खाली, रोहिदासच्या डोक्यावर. टक्! पुन्हा वर, पुन्हा खाली. टक्! रोहिदासनं नारळ टाकला आणि दोन्ही हात हेल्मेटवर धरून बसकण मारली. नारळ गडगडत खाली आला तो ज्योतीरामच्या पायाशी.

मी मोठ्यांदा बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ऐका रं! टिटवी आपल्या घरट्याजवळच माणसाच्या अंगावर येते, हे शेंबड्या पोराला ठाऊक हाय. खाली अंड्यांजवळ एवढा बाजार भरला, ती फिरकली न्हाई. हितं रिकाम्या ढिगाऱ्यावर का येते? कारण घर हितं व्हतं. ह्यानं परवा माझ्या डब्यात घालून अंडी खाली नेली. मी बघितलंय."

"वैनी खोटं बोलतात!" रोहिदास वरनं ओरडला. हेल्मेटची काच खाली पडलेली, आवाज मडक्यातनं आल्यासारखा.

रहिमानचाचांनी हात वर केला. आवाज मोठा न्हाई, पण सगळे ऐकत व्हते. "शेठ, बाईंचं राहू द्या. आमच्यातलं कुणी डोकं झाकलं नाही. तुम्ही चढायच्या आधी झाकलंत. म्हणजे कुणाचं घर कुठून उचललंय, ते तुम्हाला ठाऊक होतं."

रोहिदासनं काच वर केली न्हाई. तसाच हेल्मेटमधी तोंड घालून बसून राहिला. पहिला ज्योतीराम हसला, मग सगळं गाव. मी हसले न्हाई. नदीमकडं बघितलं तर तेचं तोंड उतरलेलं. सुरय्यानं चाचांच्या चपला उचलून हातात घेतल्या व्हत्या, परत तिसऱ्या मजल्यावर न्यायच्या म्हणून. तेच माझ्यानं बघवंना.

आमच्या ओट्याला लागून एक खोली हाय. कंपनीतल्या पोरांना भाड्यानं द्यायचो, ती नुकतीच रिकामी झालेली. मी तिथंच सुरय्याला म्हटलं, "चपला खाली ठेव, पोरी. माझ्याकडं दार जमिनीला टेकलेलं हाय. पाणी आजवर तिथं चढलेलं न्हाई, कुठल्या टिटवीला विचारायची गरज न्हाई." मालक काही बोलायला लागले. मी तेंच्याकडं असं बघितलं, की तेंनी खिशातला पेपर काढला.

खाली ठेवलेली अंडी कावळ्यांनी नेली. टिटवीनं महिन्याभरात पुन्हा घातली, पुन्हा ढिगाऱ्यावरच, आणि ज्योतीरामनं मशीन तिकडं वळवलंच न्हाई. पिल्लं निघाली, काडीसारख्या पायांनी चुन्याच्या रेघांवरनं पळायला लागली. श्रावणात धरणाचं पाणी सुटलं. चिबडात पाणी चढलं, जसं दरसाल चढतं. प्लॉट गेले, रेघा गेल्या. गुलाबी पक्ष्यांचा बोर्ड वाहत जाऊन बंधाऱ्यात अडकला आणि तेच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसले. ढिगारा तेवढा वर राहिला. गाव म्हणलं, टिटवी बोलली ते खरं झालं. मी कपाळावर हात मारला. मी बोलले व्हते, ते कुणाला आठवत न्हाई.

रोहिदास अजून येतो माझ्याकडं. लाज असती तर आला नसता. ओट्यावर बसतो, "वैनी, च्या टाका" म्हणतो. शेजारी रहिमानचाचा खुर्ची टाकून बसलेले असतात, पाय मातीवर. रोहिदास तेंना आता नवीन जागा सांगतो, डोंगराच्या बाजूची, एकदम उंचावरची. चाचा "अच्छा, अच्छा" करत ऐकतात. मधीच नदीकडनं एखादी टिटवी ओरडत घरावरनं जाते, आणि आमचा रोहिदास बोलता बोलता दोन्ही हात डोक्यावर घेतो.

चाचा चहाचा कप तोंडाजवळ नेतात आणि मला म्हणतात, "शेठला हेल्मेट द्या हो, बाई."

जयदीपनं ते आता कुलपात ठेवलंय.